एका घरातला जय-पराजय : काटेवाडीच्या शारदाबाई

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत बारामती मतदारसंघात सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर आल्या, तेव्हा एकाच घरात लढली जाणारी अशी निवडणूक बारामतीने कधी पाहिली नव्हती, असे सर्वत्र लिहिले-बोलले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेसाठी अजित पवार यांच्याविरुद्ध त्यांचेच पुतणे युगेंद्र पवार उभे राहिले आणि या चर्चेला पुन्हा उधाण आले. जुन्या बारामतीकरांना मात्र या नवलाईत फारसे तथ्य वाटले नसावे. याच मतदारसंघात, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी, म्हणजे १९६० मध्ये, पवारांच्या घरातील थोरला मुलगा लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभा होता आणि धाकटा भाऊ त्याच्या विरोधी पक्षाचा प्रचार करीत होता. थोरला हरला. त्या दोघांची आई म्हणजे शारदाबाई गोविंदराव पवार. २०२४ मध्ये परस्परांविरुद्ध उभी राहिलेली माणसे त्यांची नात आणि नातसून, नातू आणि पणतू होती.

शारदाबाईंचे नाव आज प्रामुख्याने शरद पवार यांच्या मातोश्री म्हणून घेतले जाते. हा त्यांच्यावर थोडासा अन्यायच आहे. मुलाचा जन्म होण्याच्या दोन वर्षे आधीच त्या निवडून आलेल्या लोकप्रतिनिधी होत्या आणि ज्या पक्षावर त्यांची निष्ठा होती त्या पक्षाच्या वाट्याला त्यांच्या हयातीत यशापेक्षा अपयशच अधिक आले. विजयाची सवय असलेल्या घराण्याच्या मुळाशी पराभवाची इतकी सवय असलेली स्त्री असावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९११ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील गोलिवडे येथे, भोसले घराण्यात झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि त्या थोरल्या बहिणीच्या घरी वाढल्या. त्या घरावर सत्यशोधक विचारांचा प्रभाव होता. महात्मा फुले आणि राजर्षी शाहू यांच्या कार्याने बहुजन समाजात शिक्षणाची ओढ निर्माण झाली होती. परंतु ती ओढ बहुतेक घरांत मुलांपाशीच थांबत असे. शारदाबाईंना मात्र पुण्याच्या सेवासदनात शिक्षणासाठी पाठविण्यात आले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभारलेली ही संस्था स्त्रियांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी नावाजलेली होती. खेड्यातील शेतकरी कुटुंबातील मुलीने त्या काळी तिथे शिकणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे गोविंदराव पवार यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि सेवासदनात शिकलेली ही मुलगी काटेवाडीच्या शेतात उभी राहिली.

काटेवाडी हे गाव बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हा सारा प्रदेश मुळात अवर्षणाचा. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांचे जणू दोन भाग पडले. कालव्याखालचा शेतकरी ऊस आणि गूळ करू लागला, तर कालव्याच्या वरच्या अंगाला राहिलेला जिरायतदार पावसाच्या आशेवर बाजरी पेरत राहिला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला खासगी साखर कारखाना उभा राहिला, पुढे भवानीनगरला सहकारी कारखाना झाला. पाणी आले तशी सावकारी आली, व्यापाऱ्यांची अडत आली आणि तिला उत्तर म्हणून सहकारी चळवळही आली. गोविंदराव बारामतीच्या सहकारी खरेदी-विक्री संघाच्या कामात होते. ते दिवसभर बारामतीत, संघाच्या हिशेबात गुंतलेले असत. शेतीचा भार मोठ्या प्रमाणावर शारदाबाईंवर होता. सात मुलगे आणि चार मुली अशा अकरा अपत्यांचा संसार, शेतावरची माणसे, जनावरे आणि आल्या-गेल्याचे पाहुणपण यांतून त्यांचे सार्वजनिक जीवन उभे राहिले. संसार आटोपल्यावर फावल्या वेळात केलेले समाजकार्य असे त्याचे वर्णन कोणी करू नये, कारण त्यांना फावला वेळ असणे शक्यच नव्हते.

१९३८ मध्ये त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. लोकल बोर्ड म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे सांगावे लागेल. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, त्यापूर्वी जिल्ह्याचा ग्रामीण कारभार या बोर्डांकडे असे. कच्चे रस्ते, त्यांच्या कडेची झाडे, सार्वजनिक विहिरी, दवाखाने, धर्मशाळा, कोंडवाडे अशी ही कामे होती. जमीन महसुलावर बसविलेला लोकल फंड हा बोर्डाच्या उत्पन्नाचा मुख्य आधार. मतदानाचा हक्क सरसकट नव्हता. महसूल भरणाऱ्या आणि मालमत्ता असलेल्या मंडळींपुरताच तो मर्यादित होता. अशा मतदारांतून निवडून आलेल्या बहुतांश पुरुष सभासदांच्या बैठकीत सव्वीस वर्षांची एक शेतकरी स्त्री बसू लागली. बोर्डाच्या सभा पुण्याला होत. काटेवाडीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. दौंडपर्यंत १९१४ मध्ये सुरू झालेली अरुंद मापाची रेल्वे होती आणि खडबडीत रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारी होत्या. यांपैकी कोणताही प्रवास सुखाचा नव्हता.

१२ डिसेंबर १९४० रोजी, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वाढदिवशीच, शरद या मुलाचा जन्म झाला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी बोर्डाची सभा होती. शारदाबाई तान्ह्या मुलाला घेऊन पुण्याला गेल्या आणि सभेत बसल्या. पुढे या प्रसंगाला राजकीय आख्यायिकेचे रूप आले आणि बाळाला तिसऱ्या दिवशीच राजकारणाचे बाळकडू मिळाल्याचे कौतुक होऊ लागले. त्या कौतुकात बाळंतिणीकडे मात्र दुर्लक्ष होते. दवाखान्याचा, विहिरीचा, रस्त्याचा विषय पुढच्या सभेवर गेला तर गावाचे तितके महिने वाया जातात, हे ठाऊक असलेल्या सभासदाने घेतलेला तो साधा निर्णय होता. जवळजवळ चौदा वर्षे त्या बोर्डावर होत्या.

स्वातंत्र्याच्या सुमारास महाराष्ट्रातील काँग्रेसमध्ये मोठी फूट पडली. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्यासारखे बहुजन समाजातील मातब्बर नेते काँग्रेसमधून बाहेर पडले आणि शेतकरी कामगार पक्षाची स्थापना झाली. शेतकऱ्यांचे राज्य शेतकऱ्यांनीच चालवावे ही भावना आणि मार्क्सवादी विचार यांचा मेळ घालणारा १९५० चा दाभाडी प्रबंध ही या पक्षाची वैचारिक शिदोरी होती. पवारांचे घर या पक्षाचे झाले. सत्यशोधकी संस्कारात वाढलेल्या शारदाबाईंना हा विचार परका वाटण्याचे कारण नव्हते. पक्षाचे कार्यकर्ते घरी येत, जेवत, मुक्काम करीत. घरातील मुलांनी राजकारणाचे पहिले धडे घेतले ते या पंगतीत.

आणि लगेच पहिला मोठा धक्का बसला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या ३१५ जागांपैकी २६९ जागा काँग्रेसने जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाला १४ मिळाल्या. ज्या पक्षाचे नेते काँग्रेसला पर्याय देऊ पाहत होते, त्या पक्षाच्या दृष्टीने हा निकाल उमेद खचविणारा होता. दोन-तीन वर्षांत स्वतः जेधे आणि मोरे यांनीच पुन्हा काँग्रेसची वाट धरली. संस्थापकच निघून गेल्यावर सामान्य कार्यकर्त्याने काय करायचे, हा प्रश्न त्या वेळी गावोगावच्या घरांत पडला होता. अनेकांनी नेत्यांच्या मागोमाग जाऊन तो सोडविला. शारदाबाई जागच्या हलल्या नाहीत. पक्षाचा विचार नेत्याबरोबर आला नव्हता, तेव्हा त्याच्याबरोबर जाण्याचेही कारण नव्हते, अशीच त्यांच्या वागण्याची संगती लावता येते.

या काळातील त्यांच्या शारीरिक व्यथेचाही उल्लेख करायला हवा. परिसरात धुमाकूळ घालणारा एक वळू जखमी होऊन पडला होता. त्याची दया येऊन शारदाबाई त्याला गोंजारायला जवळ गेल्या आणि त्याने उसळून त्यांच्यावर हल्ला केला. पायाच्या हाडाचा चुराडा झाला. शस्त्रक्रियेनंतरही पाय कायमचा अधू राहिला आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी कुबड्यांच्या आधाराने काढले. शेत, गोठा, मुलांची शिक्षणे आणि पक्षाचे काम यांपैकी काहीही त्यामुळे सुटले नाही. अकराही अपत्यांच्या शिक्षणाबाबत त्यांचा कटाक्ष होता आणि मुलगा-मुलगी असा भेद त्यात नव्हता.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट आली. मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीने पश्चिम महाराष्ट्र पेटला होता आणि समितीत शेतकरी कामगार पक्षाचा मोठा वाटा होता. काँग्रेसचे बालेकिल्ले एकामागून एक ढासळत असताना बारामती लोकसभा मतदारसंघातून मात्र काँग्रेसचे उमेदवार निवडून आले, आणि ते उमेदवार होते केशवराव जेधे. म्हणजे ज्यांनी पक्ष काढला त्यांनीच त्या पक्षाला या भागात रोखले. राजकारणातील अशा विनोदावर हसणे त्या घरातल्या माणसांना सोपे गेले नसेल.

१२ नोव्हेंबर १९५९ रोजी जेधे यांचे निधन झाले आणि पोटनिवडणूक जाहीर झाली. काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव जेधे यांना उमेदवारी दिली. समितीच्या वतीने शेतकरी कामगार पक्षाचे वसंतराव पवार उभे राहिले. वसंतराव हे शारदाबाईंचे थोरले चिरंजीव, पेशाने वकील. ही जागा राखणे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. मुंबईसह महाराष्ट्राचे श्रेय समितीचे की काँग्रेसचे, या वादात या एका मतदारसंघाच्या निकालाला संख्येपलीकडचे महत्त्व आले होते.

इकडे घरात निराळाच पेच होता. शरद त्या वेळी पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयात शिकत होते, १९५८ पासून काँग्रेसचे काम करीत होते आणि यशवंतरावांना मानत होते. वय एकोणीस, मतदानासाठी तेव्हा एकवीस वर्षे पूर्ण लागत, म्हणजे त्यांना मतदानाचा हक्कही नव्हता. मत देता येत नसले तरी प्रचार करता येत होता, आणि तो सख्ख्या भावाच्या विरोधात करायचा होता. हा पेच कसा सुटला, हे शरद पवार यांनी आपल्या राजकीय आत्मकथेत नमूद केले आहे. धाकट्याची घालमेल थोरल्याच्या लक्षात आली. ज्या पक्षाचा विचार पटला आहे त्या पक्षाचे काम संकोच न बाळगता करावे, असे वसंतरावांनी स्वतःहून त्यांना सांगितले. उमेदवाराने आपल्याच पराभवासाठी काम करण्याची मोकळीक भावाला द्यावी, हे औदार्य एका दिवसात अंगी येत नाही. ज्या घरात आपले मत मुलांवर लादायचे नाही हा आईचा शिरस्ता होता, त्या घरात ते स्वाभाविक ठरले.

शारदाबाईंची स्थिती मात्र दोन्ही मुलांहून कठीण होती. मुलांपुढे पक्ष आणि भाऊ यांतील निवड होती. आईपुढे निवडीला जागाच नव्हती. विचार वसंतरावांच्या बाजूला, जिवापाड जपलेला पक्ष त्यांच्याच बाजूला, उमेदवारही पोटचाच. आणि समोरच्या बाजूला बैलजोडीसाठी मते मागणारा दुसरा मुलगा. त्याला घरात बसविणे अशक्य नव्हते. त्या काळी एकोणीस वर्षांच्या मुलाला आईवडिलांच्या शब्दाबाहेर जाणे सोपे नसे. परंतु तो शब्द त्यांनी टाकला नाही.

निकाल लागला. गुलाबराव जेधे निवडून आले, वसंतराव पराभूत झाले.

ज्यांनी ऊसपट्ट्यातील राजकारण जवळून पाहिले आहे त्यांना निकालाच्या दुसऱ्या दिवसाचे महत्त्व सांगायला नको. गावनिहाय मतांचे आकडे हाती येतात आणि कोणत्या वस्तीने साथ दिली, कोणत्या भावकीने दगा दिला याची उजळणी पारावर सुरू होते. हरलेल्या माणसाचा ऊस वेळेवर तुटत नाही, सोसायटीत त्याच्या कर्जाचे प्रकरण मागे राहते, बांधाच्या तक्रारी अचानक वर येतात, अशा कहाण्या नीरेच्या दोन्ही तीरांवर पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. निवडणुकीत पडलेली फूट लग्नाच्या आमंत्रणापर्यंत पोहोचते आणि कित्येकदा एकाच वाड्यात दोन चुली मांडून थांबते. पवारांच्या घरात तर दगा देणारा कोण हे शोधायला पारावर जाण्याचीही गरज नव्हती. तो त्याच घरात जेवत होता.

तरीही त्या घरात फूट पडली नाही. वसंतराव वकिली आणि पक्षाचे काम करीत राहिले. शरद काँग्रेसमध्येच राहिले, त्यासाठी त्यांना घर सोडावे लागले नाही. शारदाबाई शेतकरी कामगार पक्षाच्याच राहिल्या, त्यासाठी त्यांना मुलाला दूर करावे लागले नाही. त्या काळातील शेकापचे अग्रणी नेते प्रा. एन. डी. पाटील हे त्यांचे जावई. त्यामुळे सणावाराला एकाच पंगतीत काँग्रेस आणि शेकाप यांचा वाद रंगणे हे या घराचे नित्याचे दृश्य बनले. पराभव त्यांनी लहान मानला असे म्हणता येणार नाही. मुलाचा पराभव कोणत्याही आईला लहान नसतो. पण एका निकालाने आपला विचार चुकीचा ठरत नाही आणि तो विचार न मानणारा मुलगा शत्रूही ठरत नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी धरून ठेवल्या. एकीला धरून दुसरी सोडणारे पुष्कळ असतात.

लोकल बोर्डाची चौदा वर्षे इथे उपयोगी पडली असावीत. ज्याने विहिरी आणि रस्ते यांच्या कामांत आयुष्याचा उमेदीचा काळ घातला, त्याच्या दृष्टीने निवडणूक हा कामाचा एक भाग असतो. काम त्यापूर्वी असते आणि त्यानंतरही. मंजूर झालेली विहीर पाणी लागेपर्यंत खणावीच लागते, मग बोर्डावर कोणीही येवो. जिरायत मुलखातील शेतकऱ्याला हे अधिक चांगले कळते. मृग कोरडा गेला म्हणून पुढच्या वर्षीचे बियाणे कोणी खाऊन टाकत नाही.

त्यानंतरच्या निवडणुकांनीही शारदाबाईंच्या पक्षाला हात दिला नाही. १९६२ मध्ये गुलाबराव जेधे पुन्हा निवडून आले. १९६७ मध्ये तुळशीदास जाधव आणि १९७१ मध्ये र. के. खाडिलकर हे काँग्रेसचेच उमेदवार बारामतीतून लोकसभेत गेले. १९६७ मध्ये बारामतीच्या विधानसभेच्या जागेवर काँग्रेसने उमेदवारी दिली ती शरद पवार यांना, आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी ते आमदार झाले. घरात प्रथमच विधानसभेचा विजय आला तो परपक्षाच्या चिन्हावर. आई म्हणून शारदाबाईंना आनंद झाला नसेल असे कोण म्हणेल! परंतु मुलगा आमदार झाला, पुढे मंत्री झाला, म्हणून आपली राजकीय मते बदलण्याची आवश्यकता त्यांना भासली नाही. सत्तेच्या दिशेने तोंड फिरविण्याची इतकी सोयीची संधी समोर असताना ती न घेणारी माणसे त्या काळीही विरळाच होती.

याच वर्षांत घरातील दुसऱ्या मुलाने, अप्पासाहेब पवार यांनी, निराळा मार्ग धरला. निवडणुकीच्या राजकारणापासून दूर राहून त्यांनी शेतीच्या प्रयोगांत लक्ष घातले आणि १९७१ मध्ये बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठानच्या कामाची सुरुवात केली. कालव्याच्या वर राहिलेल्या जिरायत गावांत पाणी अडविणे, फळझाडे लावणे, शेतकऱ्याला नवे तंत्र दाखविणे ही ती कामे होती. १९७२ च्या दुष्काळात बारामती आणि इंदापूरच्या जिरायत भागाने जे भोगले, त्यानंतर या कामाचे मोल सर्वांनाच कळले. लोकल बोर्डाच्या सभेत विहिरी आणि दवाखाने यांसाठी बसणाऱ्या आईचा वारसा आमदार झालेल्या मुलापेक्षा या मुलाकडे अधिक सरळ उतरला, असे मानण्यास जागा आहे.

१२ ऑगस्ट १९७५ रोजी शारदाबाईंचे निधन झाले. बारामती लोकसभा मतदारसंघात काँग्रेसचा पराभव त्यांनी पाहिला नाही. तो झाला त्यानंतर दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, जनता पक्षाचे संभाजीराव काकडे निवडून आले तेव्हा. आणखी एका वर्षाने, जुलै १९७८ मध्ये, शरद पवार काँग्रेसमधून बाहेर पडून पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. त्या मंत्रिमंडळात शेतकरी कामगार पक्ष सहभागी होता आणि सहकार खाते होते एन. डी. पाटील यांच्याकडे. १९६० मध्ये ज्या पंगतीत मुलगा आणि जावई परस्परांच्या पक्षांवर तुटून पडत, ते दोघे मंत्रालयात एका मेजाशी बसले. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले.

बारामतीजवळ माळेगाव येथील शैक्षणिक संकुलाला शारदानगर हे नाव देण्यात आले असून तेथील मुलींच्या महाविद्यालयाला शारदाबाई पवार यांचेच नाव आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या मुली तेथे शिकतात. सेवासदनात जाण्यासाठी शारदाबाईंना पुणे गाठावे लागले होते. या मुलींना तेवढा प्रवास करावा लागत नाही.